जुनी गाडी विकताना: आरसीवरून आपलं नाव उतरेपर्यंत

गाडी विकून दोन वर्षं झाली तरी तिची चलनं अजून माझ्याच मोबाईलवर येतात, अशी तक्रार करणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतो. चलन हा त्यातला सौम्य प्रकार. त्याच गाडीने कुणाला उडवलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आरसीवर ज्याचं नाव त्याच्या घरी जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. त्या प्रकरणातली गाडी मूळ मालकाने विकली होती आणि पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे हस्ते-परहस्ते गेली होती. पण आरटीओच्या नोंदीत नाव मूळ मालकाचंच राहिलं होतं, म्हणून कायद्याच्या नजरेत ‘मालक’ तोच ठरला आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्याकडेच आली.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की पैसे हातात पडले म्हणजे गाडी विकली असं समजू नका. आरसीवरचं नाव बदलेल तेव्हाच ती विकली गेली. पुढची सगळी पावलं याच हिशोबाने लिहिली आहेत. भाव दोन-पाच हजारांनी इकडे-तिकडे झाला तर माणूस विसरून जातो, पण नाव राहिलं तर ते दुखणं वर्षानुवर्षं पुरतं.

पहिलं पाऊल: कोणाला विकायची ते ठरवा

नवी गाडी घेत असाल तर शोरूममधल्या एक्स्चेंजला त्रास सगळ्यात कमी आणि भावही बहुतेक वेळा सगळ्यात कमी. ऑनलाइन कंपन्या घरी येऊन गाडी तपासतात आणि एक-दोन दिवसांत पैसे देतात, पण ॲपवर दिसणारा आकडा आणि तपासणीनंतरचा आकडा यांत बरंच अंतर पडतं. पहिला आकडा बघून मनातल्या मनात नव्या गाडीचं डाउन पेमेंट ठरवू नका. थेट ग्राहकाला विकली तर भाव चांगला येतो, मात्र फोन, फेऱ्या आणि ट्रायल हे सगळं तुम्हालाच करावं लागतं.

जुन्या गाड्यांच्या डीलरला देणार असाल तर एक नियम माहीत हवा. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत डीलरसाठी स्वतंत्र तरतूद आहे. डीलरने आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यायचं, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना दोघांनी मिळून फॉर्म २९सी परिवहन पोर्टलवर भरायचा. तो भरला की पुढचा ग्राहक मिळेपर्यंत त्या गाडीचा मालक डीलरच मानला जातो. विकणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगली सोय नाही. डीलरला सरळ विचारा, ‘तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का? २९सी भरणार का?’ उत्तर ‘त्याची काय गरज साहेब, टीटीवर सही करून ठेवा, ग्राहक आला की नाव बदलून देतो’ असं आलं, तर तिथून उठा. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलण्याच्या अर्जावर, सह्या देऊन सोडलेली गाडी सहा-सहा महिने कुठे फिरते आणि कोण चालवतं, याचा पत्ता लागत नाही.

आता ओळखीच्या माणसाला विकणं. शेजारी, ऑफिसातला सहकारी, मेहुण्याचा मित्र. सगळ्यात जास्त मनस्ताप याच व्यवहारात होतो, कारण इथे दोन्ही बाजूंना संकोच असतो. तो भाव मोकळेपणाने बोलत नाही, तुम्ही कागद मागायला लाजता. ‘निम्मे आत्ता देतो, निम्मे पगारावर’ यालाही आपण मान डोलावतो. मग महिनाभरात क्लच गेला की लिफ्टमध्ये भेटल्यावर तो तोंड फिरवतो, आणि नाव बदललंस का विचारलं तर ‘अरे, पळून चाललोय का मी?’ हे ऐकून घ्यावं लागतं. ओळखीच्याला विकू नका असं मी म्हणणार नाही, चांगली गाडी चांगल्या घरात गेली तर समाधान असतं. पण त्याला पहिल्याच बोलण्यात सांगा: गाडी तुझ्या फिटरला दाखव, पूर्ण पैसे एकदम दे, आणि आरटीओचा अर्ज त्याच दिवशी भरायचा. भावात पाच हजार कमी करा हवं तर, अटींत मात्र काही कमी करू नका. हे आधी बोललं की संबंध टिकतात.

गाडी फारच जुनी असेल, पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, संपत आलं असेल आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पुढे जात असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देणं योग्य. तिथे गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते आणि जुन्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द होते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर दिलेली गाडी आरटीओच्या नोंदीत जिवंतच राहते, आणि तिची नंबरप्लेट दुसऱ्याच कुठल्या गाडीला लागलेली निघू शकते.

दुसरं पाऊल: कागद, जाहिरात टाकण्याआधी

परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर आपल्याच गाडीचा नंबर टाकून बघा. नाव, पत्ता, इंधन, चेसिस नंबर, विमा, पीयूसी, पासिंगची तारीख आणि कर्जाचा बोजा, सगळं तिथे दिसतं. यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे नोंदवलेला मोबाईल नंबर. बऱ्याच गाड्यांना शोरूमच्या माणसाचा किंवा एजंटाचा नंबर लागलेला असतो. नाव बदलताना ओटीपी त्या नंबरवर जातो आणि काम अडतं. स्वतःचा नंबर आधी नोंदवून घ्या.

कर्जाचे हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेकडून एनओसी आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन एचपी, म्हणजे या बोजाची नोंद, काढावी लागते. एनओसीला मुदत असते, बहुतेकदा तीन महिन्यांची, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी आलेलं आणि फाईलमध्ये जपून ठेवलेलं पत्र चालत नाही, नवं मागावं लागतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आणखी एक-दोन खेपा धरून ठेवा. हप्ते चालू असतील तरी गाडी विकता येते. बँकेकडून फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज एकदम फेडायला किती रक्कम लागेल याचं, पत्र घ्या, खरेदीदाराने तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरायची आणि उरलेली तुमच्या खात्यात. फक्त त्याला आधी सांगा, की एचपी निघेपर्यंत नाव बदलणार नाही.

चलनं बघायची तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर जा. गाडी परराज्यात फिरली असेल तर परिवहनच्या ई-चलन पानावरही पाहा. गोव्याहून येताना लागलेलं चलन पुण्यात बसून आठवत नाही. मान्य नसलेल्या चलनाविरुद्ध पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि जुनी साठलेली चलनं राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतात. पण लोकअदालतीची तारीख तुमच्या सोयीने येत नाही. घाई असेल तर भरून मोकळे व्हा.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली असायला हवी. राज्याने चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरवला आहे. ही पाटी नसेल तर आरटीओतली इतर कामंही अडतात, नाव बदलणं त्यातलंच. फक्त अधिकृत पोर्टलवरूनच अपॉइंटमेंट घ्या, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्सवर पैसे गेलेले लोक आहेत.

गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर पासिंगचं आधी ठरवा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं नूतनीकरण शुल्कच ५,००० रुपये झालं, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. हा खर्च तुम्ही करून जास्त भाव मागायचा की खरेदीदारावर सोडून कमी भाव घ्यायचा? माझं मत असं, की गाडी ठणठणीत असेल तर पासिंग करूनच विका. पासिंग संपलेली गाडी ट्रायललाही रस्त्यावर काढता येत नाही.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का बघा, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी झालेली असल्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा. किट चढवलेलंच नसेल तर ते आधी चढवा किंवा काढून टाका.

आणि एक नाजूक प्रकार. गाडी वडिलांच्या नावावर, वडील आता नाहीत, आणि मुलगा गाडी विकायला निघालाय. अशी गाडी थेट तिसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती लागते. कायद्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. दुःखात हे राहून जातं हे समजण्यासारखं आहे. उशीर झाला तरी काम होतं, थोडा दंड पडतो. पण वडिलांची सही स्वतः करून टीटी देऊन टाकणं हा फौजदारी गुन्हा आहे, ‘सगळे करतात’ असं एजंट कितीही म्हणाला तरी.

तिसरं पाऊल: दुरुस्ती, किती आणि कशाची

गॅरेजवाला नेहमी म्हणणार, ‘फुल पेंट मारू, गाडी नवी दिसेल, पन्नास हजार जास्त येतील.’ ऐकू नका. पूर्ण रंगवलेली गाडी पाहिली की जाणकार खरेदीदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो, की ही ठोकलेली होती का? एकाच दरवाजाचा रंग ताजा असेल तरी तेच. बंपरवरचे ओरखडे दिसू द्या, वापरलेली गाडी वापरलेली दिसण्यात काही गैर नाही.

खर्च करा तो पहिल्या दहा मिनिटांत जाणवणाऱ्या आणि थोडक्यात होणाऱ्या गोष्टींवर. आतून चांगली धुलाई, सीटांचा वास, वायपर, बंद दिवे, हॉर्न, अडकणारी काच, एसीचा गॅस. बॅटरी मरायला टेकली असेल तर बदला, कारण ग्राहक दारात उभा आणि गाडी स्टार्ट होत नाही यापेक्षा भावाला मारक काही नाही. टायर गुळगुळीत झाले असतील, क्लच प्लेट गेली असेल, सस्पेन्शन वाजत असेल, तर ते काम करून घेऊ नका. गॅरेजमधून लेखी अंदाजपत्रक घ्या, ग्राहकाला दाखवा, तेवढी रक्कम भावातून कमी करा. नव्या टायरचे पूर्ण पैसे कधीच वसूल होत नाहीत.

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटत असेल तर तो विकण्याच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून नुसता मिटवू नका. पन्नास किलोमीटरवर तो परत पेटतो, आणि घेणाऱ्याकडेही स्कॅनर असतो. मीटर मागे फिरवणं तर सरळ फसवणूक. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात, हे खरेदीदारालाही ठाऊक आहे.

गॅरेजशी व्यवहार करताना ‘उद्या देतो’चा जाच टाळायचा असेल तर कामांची यादी कागदावर लिहून द्या, एक प्रत फोटो काढून ठेवा, आणि ‘यादीबाहेरचं काम फोन केल्याशिवाय करायचं नाही’ हे वर लिहा. बदललेले जुने पार्ट परत मागा. बिल घ्याच. ही बिलं पुढे ग्राहकाला दाखवता येतात आणि चार शब्द बोलण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

गाडी कधी पुरात सापडली होती का, हा प्रश्न कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड या भागांतल्या नंबरच्या गाड्यांना हमखास विचारला जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर खरेदीदार सीट बेल्ट पूर्ण ओढून चिखलाची रेघ बघतात, स्टेपनीखालचा गंज बघतात. पाण्यात गेली असेल तर सांगून टाका आणि काय काय बदललं त्याची बिलं ठेवा. गेली नसेल तर विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मागवून घ्या, म्हणजे तुमच्या शब्दाला कागद मिळतो.

चौथं पाऊल: भाव

तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष, इंधन, कितवा मालक आणि आरटीओचा क्रमांक, हे सगळं जुळणाऱ्या गाड्या ऑनलाइन शोधा. एमएच-१२ ची गाडी पुण्यात सहज जाते, तीच नागपुरात विकायची तर लोक कचरतात. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव असतो, प्रत्यक्ष सौदा त्याच्या खालीच होतो. दोन डीलर आणि एक ऑनलाइन कंपनी, अशा तीन ठिकाणी गाडी दाखवून आकडे घ्या. यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमची तळरेषा, थेट ग्राहकाकडून त्याच्या वर किती मिळतं ते बघायचं.

जुने आकडे डोक्यात ठेवून बसू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग जुन्यांनाही उतरावं लागलं. शेजाऱ्याने त्याआधी विकलेल्या तसल्याच गाडीचा भाव आज येणार नाही.

वेळेचंही गणित आहे. दसरा, दिवाळी, पाडवा या दिवसांत नव्या गाड्यांबरोबर एक्स्चेंजच्या जुन्या गाड्या बाजारात ढिगाने येतात. पितृपंधरवड्यात फोन येतात पण सौदा करायला कुणी तयार नसतं. डिसेंबर गेला की गाडी कागदोपत्री वर्षाने जुनी होते. घाई नसेल तर गणपतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे मला सगळ्यात बरे वाटतात.

आपला शेवटचा आकडा घरात बसून ठरवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. नाहीतर बाहेर तुम्ही ताणून धरता आणि चहा घेऊन आलेले सासरे ‘द्या हो, चांगला मुलगा आहे’ म्हणतात.

पाचवं पाऊल: फोन, ट्रायल आणि भामटे

जाहिरातीत नंबरप्लेट झाका, आरसीचा फोटो टाकू नका. दोष लिहा. ‘डाव्या दरवाजावर डेंट आहे, मागचे टायर बदलावे लागतील’ असं लिहिलेल्या जाहिरातीवर फोन कमी येतात, पण येतात ते कामाचे.

‘फायनल किती?’ हा पहिलाच प्रश्न असेल तर एकच उत्तर ठेवा: गाडी बघा, चालवा, मग समोरासमोर बोलू. फोनवर उतरलेला आकडा ही पुढच्या घासाघिशीची सुरुवात ठरते. गाडी न बघता पूर्ण किमतीला तयार होणारा, लष्करात आहे म्हणून येऊ शकत नाही असं सांगणारा, ‘क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे टोकन जमा होईल’ म्हणणारा, हे एकाच माळेचे मणी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. घरातल्या ज्येष्ठांनी जाहिरात दिली असेल तर त्यांना हे नीट समजावून सांगा.

ट्रायल देताना आधी वाहन परवान्याचा फोटो घ्या, तुम्ही शेजारच्या सीटवर बसा, रस्ता तुम्ही ठरवा. दोघे आले आणि ‘तुम्ही थांबा काका, आम्ही एक चक्कर मारून येतो’ म्हणाले तर किल्ली देऊ नका. बायका एकट्या असताना ट्रायल ठेवू नका, सोसायटीच्या गेटवर, वॉचमनच्या नजरेसमोर ठेवा.

त्याने फिटर आणला तर खुशाल बघू द्या. फिटर भाव पाडण्यासाठी बोलणारच, तेच त्याचं काम. तुमच्याकडे स्वतःच्या गॅरेजचा लेखी अहवाल असेल तर चर्चा त्यावर आणा.

सौदा ठरला की पाच-दहा हजार टोकन घ्या आणि दोन ओळी लिहून दोघांनी सह्या करा: ठरलेली किंमत, उरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत, नाही आले तर टोकनाचं काय. तोंडी टोकनावर आठवडाभर गाडी अडकून पडते आणि बाकीचे ग्राहक निघून जातात.

सहावं पाऊल: पैसे आणि ताबा

ताबा देण्याचा दिवस शनिवार-रविवार ठेवू नका. आरटीजीएस आणि एनईएफटी आता आठवडाभर चोवीस तास चालतात हे खरं, पण बऱ्याच बँका नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी थोडीच रक्कम जाऊ देतात. ग्राहकाला आदल्या दिवशीच तुमचं खातं जोडून ठेवायला सांगा. खात्याचा तपशील द्या, एक रुपया पाठवून खात्री करा.

पैसे आले हे स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघून ठरवा. त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस पुरावा म्हणून धरू नका, दोन्ही खोटे बनवता येतात. धनादेश घेतला तर वटेपर्यंत गाडी तुमच्या दारात. डिमांड ड्राफ्ट आणला तर देणाऱ्या शाखेत जाऊन खात्री करा. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तुकडे करून घेतली तरी नाही. दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असतो. त्याखालची रोख असेल तर बँकेत बसून मोजा आणि तिथेच भरा. घरच्या वापराच्या गाडीच्या विक्रीवर आयकर लागत नाही आणि खासगी विक्रेत्याला जीएसटीही नाही. धंद्यात घसारा दाखवलेली गाडी असेल तर मात्र सीएला विचारा.

मग ताबा पावती. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो. त्यावर दोघांची पूर्ण नावं, पत्ते, गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, किलोमीटर, किंमत, पैसे कसे आले आणि ताब्याची तारीख व वेळ, मिनिटांसकट. ‘या वेळेनंतरचे अपघात, चलन, गुन्हा यांची जबाबदारी खरेदीदाराची, तो ३० दिवसांत नाव बदलून घेईल’ हे वाक्य हवंच. ही पावती अपघातग्रस्तापुढे तुम्हाला वाचवत नाही, वर सांगितलेला निकाल तेच सांगतो. पण चलन आणि पोलीस चौकशीत ती कामी येते, आणि खरेदीदाराकडून पैसे वसूल करायची वेळ आली तर तुमच्या हातात काहीतरी असतं. किल्ली देतानाचा दोघांचा गाडीसह फोटो काढा.

आधार-पॅनच्या प्रती देताना मधोमध आडवं लिहा: ‘फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या हस्तांतरासाठी’, खाली तारीख आणि सही. आधारची पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. डिकी, डॅशबोर्डचा खण आणि सीटखाली हात घालून बघा. जुनी बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सोसायटीचं स्टिकर आणि पार्किंगचा टॅग काढून घ्या. गाडीच्या स्क्रीनशी जोडलेला फोन आणि साठवलेले घरचे पत्ते पुसून टाका.

सातवं पाऊल: नाव उतरवणं

कायदा दोघांवर वेगवेगळं काम टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, त्यासाठी फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, त्यासाठी फॉर्म ३०. गाडी परराज्यात चालली असेल तर तुमच्यासाठी ही मुदत ४५ दिवस, आणि सोबत आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. लोक याला मिळून ‘टीटी’ म्हणतात आणि सगळं एजंटावर सोडतात. तसं करू नका. फॉर्म २९ ही तुमची ढाल आहे, तो तुम्हीच द्या आणि पोच घ्या.

परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो. खरेदीदाराला शेजारी बसवून, ताबा देण्याच्या त्याच बैठकीत भरा: त्याचं नाव, पत्ता, विमा, शुल्क. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो स्वतः वाचून, कशासाठी आहे ते बघून टाका. फोनवरून मागणाऱ्या एजंटाला सांगू नका. अर्ज क्रमांक लिहून ठेवा. काही ठिकाणी छापील फॉर्म, मूळ आरसी आणि चेसिसचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा, आरटीओत जमा करावा लागतो. प्रिंट गाडी जाण्याआधीच दोन-तीन जास्त काढून ठेवा. खरेदीदार दुसऱ्या जिल्ह्याचा असेल तर कागद कुठे जमा करायचे हे दोन्ही आरटीओत आधी विचारा.

एजंट लावलाच तर सरकारी शुल्काची पावती वेगळी मागा. फॉर्मवर सही करताना खरेदीदाराचं नाव, तारीख आणि गाडीचा नंबर तुमच्या डोळ्यांसमोर भरलेला हवा. कोऱ्या जागेवर सही नाही, कोणासाठीही नाही. सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे: खरेदीदाराकडून पाच ते दहा हजार रुपये वेगळे ठेवून घ्या, नाव बदललं की परत देण्याच्या बोलीवर, आणि ते ताबा पावतीत लिहा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. आणि नाही म्हणणाऱ्याबद्दल तुम्हाला वेळीच कळतं.

त्यानंतर दर आठवड्याला अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघा. ॲपवर मालकाच्या नावात बदल दिसला की त्या पानाचा फोटो ताबा पावतीला जोडा, ठेवलेले पैसे परत द्या.

फास्टॅग आणि विमा

फास्टॅग गाडीबरोबर देऊ नका. तो तुमच्या खात्याशी जोडलेला असतो. काचेवरून खरवडून काढा आणि बँकेकडे बंद करायला सांगा, अनामत आणि शिल्लक परत मिळते.

विमा नाव बदलण्याआधी रद्द करू नका. गाडी विम्याशिवाय आणि नाव तुमचं, यासारखी वाईट अवस्था नाही. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो असं कायदा मानतो, पण त्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी त्याच्या नावावर नसेल तर अडतो, हे त्याला सांगा, म्हणजे तोही नाव बदलायची घाई करेल. नो क्लेम बोनस मात्र तुमचा आहे, गाडीचा नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो, आणि काही हजार रुपये सहज वाचतात.

आधीच विकली आहे आणि नाव अजून तुमचंच आहे

हे वाचणाऱ्यांतले अनेक जण याच अवस्थेत असतील. आधी ॲपवर गाडीची आजची स्थिती बघा: विमा चालू आहे का, पीयूसी कुठे निघाली. त्यावरून गाडी वापरात आहे का आणि कोणत्या भागात, याचा अंदाज येतो. खरेदीदाराचा फोन लागत असेल तर भांडू नका. ‘मी शुल्क भरतो, तू फक्त आधार घेऊन ये’ असं म्हणा. शुल्क फार नाही, सुटका मोठी आहे.

फोन लागत नसेल किंवा तो टाळत असेल तर त्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, १५ दिवसांची लेखी नोटीस पाठवा. डीलरमार्फत विकली असेल तर त्यालाही एक. सोबत नोंदणी असलेल्या आरटीओत लेखी अर्ज द्या: गाडी कोणत्या तारखेला कोणाला विकली, ताबा पावतीची किंवा बँकेतल्या जमा रकमेची प्रत, आणि फॉर्म २९. पावती हरवली असेल तर जुने व्हॉट्सॲप संदेश, टोकनाचा यूपीआय व्यवहार, किल्ली देतानाचा फोटो, जे असेल ते जोडा. अर्जावर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. गाडीवर चलनं लागत असतील किंवा ती संशयास्पद वापरात दिसत असेल तर हीच कागदपत्रं घेऊन स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिथेही पोच घ्या, आणि विक्रीच्या तारखेनंतरच्या प्रत्येक चलनावर ई-चलन पोर्टलवर ती पोच जोडून हरकत नोंदवा. ग्राहकाला पाठवलेली नोटीस परत आली तर ते पाकीट फोडू नका. टपालखात्याच्या शेऱ्यासह तसंच बंद ठेवा, न्यायाधिकरणापुढे किंवा पोलिसांपुढे ते दाखवावं लागतं.